नाकासमोर, पाच मिनिटं

व्हेनिसमध्ये कुणालाही कुठलाही रस्ता विचारा, उत्तर एकच मिळतं: "नाकासमोर सरळ जा. पाच मिनिटं."

आता त्या गावात सरळ म्हणावं असं काहीच नाही. गल्ली निघते ती जरा पुढे गेली की भिंतीला टेकते, नाहीतर पाण्यात उतरते, नाहीतर पुलावर चढून पलीकडे भलत्याच दिशेला तोंड करून उतरते. पण सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या मनात तो रस्ता सरळच असतो. वळणं घ्यायचं काम पायांचं. त्यात डोक्याने कशाला लुडबुड करायची? 'सरळ' याचा तिथला अर्थ एवढाच, की निघालात ना, मग मध्येच मन बदलू नका. पुष्कळ लग्नंही तिथे याच सल्ल्यावर टिकली आहेत.

आल्विझेने जन्मभर येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगितलं आणि रात्री तो गाढ झोपला. त्याची झोप उडाली ती लेक ओर्सेत्ता घरात आल्यावर.

ओर्सेत्ता म्हणजे तिथल्या भाषेत अस्वलाचं पिल्लू. अस्वल हिवाळाभर झोपतं म्हणतात, म्हणून नाव ठेवताना घरात मोठ्या आशा होत्या. पण पाच महिन्यांची ही अस्वलीण दुपारची डोळ्याला डोळा लावायला तयार नव्हती. दोष तिचा नव्हता. दोष खिडकीखालच्या नाक्याचा होता.

तिथे गल्लीला दोन फाटे फुटत. डावा फाटा रुंद, उजेडाचा, दोन्ही अंगांना फुलांच्या कुंड्या; बघताक्षणी वाटावं, हाच राजरस्ता. तो चार घरं पुढे जाऊन थेट कालव्यात बुडायचा. उजवा फाटा म्हणजे घराच्या पोटातून गेलेलं एक बुटकं, काळोखं बोळकांड. नवख्याला वाटावं, हे कुणाचं तरी तळघर. आणि संत मार्काच्या चौकाला जायचं ते नेमकं त्यातूनच. त्यामुळे जगातला प्रत्येक प्रवासी ओर्सेत्ताच्या पाळण्याखाली येऊन थांबायचा, चाकांची बॅग फरशीवरून खडखडवत आणून आदळायचा आणि बरोबरच्या माणसाशी आपापल्या भाषेत भांडायचा. भांडण संपलं की बेल वाजवायचा.

ओर्सेत्ताची आई जुदित्ता रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कामावर परत रुजू झाली आणि शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या आल्विझेने रजा घेतली. "एक पोरगी झोपवायची, त्यात काय एवढं?" तो म्हणाला होता. "मी वर्गात एकदम तिसांना झोपवतो."

हे वाक्य त्याच्या सासूबाईंनी, एर्सिलियाबाईंनी, ऐकलं होतं आणि जपून ठेवलं होतं.

सासूबाई खाडीपलीकडे मेस्त्रेला राहायच्या. मेस्त्रे जमिनीवर आहे. तिथे मोटारी आहेत, झेब्रा पट्टे आहेत, आणि आल्विझे तिथे रस्ता ओलांडताना सासूचा हात धरायचा. रोज सकाळी बाई डब्यात मटार घातलेला मऊ भात घेऊन बसने यायच्या आणि भाताबरोबर एक जागाही वाढायच्या. त्यांच्याच इमारतीतली, दुसऱ्या मजल्यावरची.

"लिफ्ट आहे. खाली गाडी लावायला जागा आहे. दारापासून बाजारापर्यंत एक पायरी नाही, एक! आणि शांत इतकं, जावईबापू, की मला माझाच आवाज ऐकू येतो."

"मग तुम्ही तिथे राहता कशा, आई?"

"जुदित्ता, ऐकतेस ना हा काय बोलतो ते?"

जुदित्ता ऐकत नव्हती. ती ताटावर मान टेकून डुलकी घेत होती. जागी झाली तेव्हा तिने डोळे चोळत निकाल दिला. "आल्विझे, मला इथून हौसेने जायचं नाही. पण मला झोपलेली पोरगी हवी आहे. जागेच्या मालकिणीला शनिवारी संध्याकाळी उत्तर द्यायचंय. तोपर्यंत ती एक दुपार सलग झोपली, तर मी नाही म्हणून कळवते. नाहीतर मेस्त्रे."

आल्विझेने खिडकीबाहेर पाहिलं. त्याचा जन्म या घरात झाला होता. आपल्या गावात त्याला कधी रस्ता ओलांडावा लागला नव्हता. तिथे माणूस फक्त पाणी ओलांडतो.

बुधवारी दुपारी त्याने कंबर कसली. पोरीला पाजलं, ढेकर काढली, खोलीभर येरझारा घातल्या. हळूहळू ती चिमुकली मूठ सैल झाली, पापण्या अर्ध्यावर आल्या. आता उरलं होतं ते फक्त खाली ठेवणं. हे काम ज्याने केलंय त्यालाच कळेल. आधी पाठ टेकवायची, मग डोकं, मग आपला एक हात काढायचा, मग दुसरा, आणि त्या दुसऱ्या हाताचं शेवटचं बोट निघेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. आल्विझेचं शेवटचं बोट निघत होतं. आणि बेल वाजली.

दारात एक ताडमाड उंच, लालबुंद गृहस्थ उभे होते. हातात बॅग, डोक्यावर गवती टोपी, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. ते योस्त. आम्स्टरडामचे. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन त्यांनी इथली भाषा शिकली होती, आणि वर्ग फार जुन्या वळणाचा असावा.

"क्षमस्व, महोदय," ते म्हणाले. "मी आपणांस व्यत्यय तर आणीत नाही ना?"

मागे ओर्सेत्ताने टाहो फोडला.

"छे छे!" आल्विझे म्हणाला. दारात आलेल्याला 'हो, आणता' असं म्हणायची रीत त्या गावात नाही.

"आपले नगर साक्षात स्वर्ग आहे! आमच्या नगरातही कालवे आहेत, परंतु ते आज्ञाधारक आहेत. येथील कालव्यांना स्वतःचे मत आहे! आता कृपया मला कास्तेल्लो, चार हजार तीनशे बारा हे निवासस्थान दर्शवावे. आपल्या द्वारावर चार हजार तीनशे दहा आहे. अर्थात मी अत्यंत निकट आलो आहे."

इथे गृहस्थांचा तर्क चुकला. कास्तेल्लो हा अख्खा विभाग, आणि घरांचे नंबर पडलेत ते विभागाला मिळून एकाच माळेत. ती माळ कुठल्या अंगणात शिरते, कुठल्या कोपऱ्यावर वळसा घेते, ते तिचं तिला ठाऊक. नंबर घालणारा कारकून वाटेतल्या प्रत्येक गुत्त्यावर टेकला होता, असं जुनी माणसं सांगतात. दहाच्या शेजारी बारा नव्हता. दहाच्या शेजारी कालवा होता. बारा नंबर तीन पूल पलीकडे, एका विहिरीमागे होता.

आल्विझेच्या डोळ्यांपुढे ती वाट लख्ख उभी राहिली आणि तोंडातून आपोआप निघालं, "नाकासमोर सरळ. पाच मिनिटं."

योस्तनी नाकासमोर पाहिलं. "माझ्या नाकासमोर तर आपण आहात."

"मी बाजूला होतो."

"तरी भिंत राहते."

"मग तिच्या कडेने. सरळ."

योस्त आभार मानून निघाले, आणि डाव्या, रुंद, फुलांच्या फाट्याने ऐटीत चालू पडले.

ओर्सेत्ता शांत व्हायला आली तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. या खेपेला गृहस्थांचा एक बूट ओला होता.

"आपण म्हणालात सरळ. मी सरळ गेलो. तेथे जल आहे."

"डावीकडून गेलात होय? अहो, उजवीकडून सरळ."

"उजवीकडून," योस्त सावकाश म्हणाले, "सरळ." आणि वाक्यात व्याकरणाची चूक शोधत असल्यासारखे निघून गेले.

तिसऱ्या खेपेला ते चक्क उलट्या बाजूने उगवले. टोपी नव्हती. महाभारतातल्या अभिमन्यूला निदान आत शिरायचा रस्ता तरी ठाऊक होता. या माणसाला तोही उरला नव्हता. खांद्यावर ओला लंगोट टाकून आल्विझेने दार उघडलं.

"महोदय, एक विचारतो. येथे खरोखर कुणी वास्तव्य करते काय? की हे सारे नाटक आहे, आणि आम्ही गेल्यावर आपण पडदा पाडून अन्यत्र निघून जाता?"

"नाटक? आणि हा लंगोट काय रंगभूषेचा आहे?"

"मी सात जणांना मार्ग पुसला. सातही जण म्हणाले, सरळ. नगर सुंदर आहे. परंतु नागरिक असत्यवचनी आहेत. शुभ दिन."

आल्विझे दारातच उभा राहिला. त्याच्या घराण्याला आजवर लोक आळशी म्हणाले होते, चेंगट म्हणाले होते, आजोबांना तर पाद्र्याने भर चर्चमध्ये घोरताना पकडलं होतं. पण खोटारडं कुणी म्हटलं नव्हतं. समोरच्या खिडकीतून नोर्माबाई चादर वाळत घालताघालता सगळं बघत होत्या. त्या कधीच नुसत्या चादर वाळत घालत नसत.

"मनाला नको लावून घेऊस, आल्विझे. परदेशी माणूस. त्याला सरळ कळत नाही."

"नोर्माबाई, आता मी पाटी लावतो. बोळाकडे बाण. संत मार्क, उजवीकडे. कुणी थांबायला नको, कुणी बेल वाजवायला नको. पोरगी झोपेल आणि आमचं मेस्त्रेही टळेल."

"बाण लाव, पण मोठा लाव. माणसं बाणाचं नुसतं शेपूट बघून जातात."

ही बातमी बोळाच्या पलीकडल्या तोंडाशी असलेल्या जीजोच्या गुत्त्यावर आल्विझेच्या आधी पोचली. त्या गावात वाइनच्या छोट्या पेल्याला 'सावली' म्हणतात, आणि जीजो सल्ला द्यायचा तो नेहमी सावलीतच द्यायचा.

"बाण काढ, पण जरा तिरपा काढ," तो पेला पुढे सरकवत म्हणाला. "असा, माझ्या दाराकडे. दमलेला माणूस आधी बसेल, मग चौकात जाईल. चौक काय, हजार वर्षं तिथेच आहे."

"मला लोकांना चौकात पोचवायचंय, जीजो. तुझ्याकडे नाही."

"माझ्याकडून कोण पोचलं नाही सांग. उशिरा पोचलं असेल."

गुरुवारी पोरीला छातीशी धरून आल्विझे पालिकेच्या कचेरीत गेला. खिडकीआडच्या बाईंनी चष्मा वर केला.

"बाण कुठे लावायचा म्हणता?"

"भिंतीवर."

"भिंत कुणाची?"

"माझीच."

"आतली बाजू तुमची, साहेब. बाहेरची बाजू इतिहासाची."

"मग इतिहासाची परवानगी कोण देतं?"

"ते वेगळं खातं. पण त्यांचं म्हणणं पडेल, की बाण ही रहदारीची खूण. आणि रहदारी खातं म्हणेल, तुमच्या गल्लीत वाहनच नाही, तर रहदारी कुठली? तरी विचारून बघा. इथून नाकासमोर सरळ, पाच मिनिटं."

आल्विझे निघाला, दोन पूल चढला, एका चर्चला मागून वळसा घातला, कुणाच्या तरी अंगणातून गेला आणि नेमका त्या दारात पोचला. वाटेत आपण कुठे वळलो असं त्याला एकदाही वाटलं नाही. दार बंद होतं. आत गुरुवारी इतिहास नसायचा.

पण माणूस एकदा इरेला पेटला की त्याला सुचतं. भिंतीला परवानगी लागते. वाळत घातलेल्या कपड्यांना लागत नाही. नोर्माबाईंच्या खिडकीपासून आल्विझेच्या खिडकीपर्यंत, गल्लीच्या बरोबर डोक्यावरून, कप्पीवरची दोरी होती. शुक्रवारी सकाळी त्याने कपाटातली सगळ्यांत मोठी पांढरी चादर काढली, हात धुतले, आणि रंगवली. अक्षरं देखणी आली. बाण तर इतका रुबाबदार आला की त्याला स्वतःलाच त्या दिशेने जावंसं वाटलं. नोर्माबाईंनी कप्पी ओढली, चादर गल्लीच्या मधोमध डौलात जाऊन उभी राहिली.

पहिला अर्धा तास गल्लीत स्वर्ग उतरला. माणसं यायची, वर बघायची, मुकाट बोळात शिरायची. कुणी थांबेना, कुणी भांडेना. वर ओर्सेत्ताची पापणी पहिल्यांदाच पूर्ण मिटली. आल्विझेने शेवटचं बोट काढलं. तो चवड्यांवर दारापर्यंत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

मग दक्षिणेचा वारा सुटला.

रंग चादरीच्या आरपार उतरला होता, हे त्याने पाहिलंच नव्हतं. वाऱ्याने चादर दोरीवर गर्रकन फिरवली आणि बाण डाव्या, रुंद, फुलांच्या फाट्याकडे तोंड करून उभा राहिला. येणारे लोक तिकडे वळले. त्यांच्या मागचे त्यांच्या मागे वळले. रांगेचं पुढचं टोक पाण्याच्या पायरीवर थांबलं, आणि मागच्यांना ते कळायचं काही कारण नव्हतं. तेवढ्यात चौकाकडून परतणारी गर्दी बोळातून बाहेर पडली, वर पाहिलं, चौक पुढेच आहे असं समजली आणि तीही घुसली. पाण्यावरून चाललेल्या एका नावाड्याला ही जत्रा दिसली, नाव पायरीला लावून तो ओरडू लागला, "चला, संत मार्क! नाकासमोर!" जीजो ताटात पेले मांडून गर्दीत शिरला. कुणीतरी गाऊ लागलं. आणि या सगळ्यावर ताण करणारा एक सूर वरच्या खिडकीतून निघाला. ओर्सेत्ता उठली होती.

गर्दी कापत पालिकेची पोलीसबाई आली. वर चादरीकडे आणि खाली आल्विझेकडे तिने आळीपाळीने पाहिलं.

"ही पाटी आहे?"

"चादर आहे, बाई. वाळत घातलीय."

"मग तो बाण?"

"डाग आहे."

"डागावर संत मार्क लिहिलंय."

"घरात लहान मूल आहे हो."

"किती महिन्यांचं?"

"पाच."

"अक्षर छान आहे," पोलीसबाई म्हणाली. "उतरवा."

चादर उतरताना तिचा कोपरा नेमका कुणाच्या हातात यावा? त्याच वेळी डबा घेऊन गर्दीतून वाट काढत आलेल्या एर्सिलियाबाईंच्या. कोपऱ्यावर पांढऱ्या रेशमाने बारीक वेल काढली होती.

"जावईबापू," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्या हळू बोलल्या की घरातलं मांजर बाहेर जायचं. "ही वेल मी काढली. जुदित्ताच्या लग्नासाठी. दोन हिवाळे."

आल्विझे चादरीची घडी घालू लागला. गर्दीत मागे एक ताडमाड माणूस उभा होता. चादरीकडे बघून त्याने फक्त मान हलवली. "आता वस्त्रेही असत्य बोलू लागली," योस्त म्हणाले.

शनिवार उजाडला. जुदित्ताची सकाळची पाळी होती. संपली की ती बसथांब्यावरून आईला घेऊन येणार होती, आणि संध्याकाळी आईच्याच फोनवर मालकीण उत्तर विचारणार होती. नोर्माबाईंनी सकाळीच खिडकीतून विचारून घेतलं होतं, की गेलात तर तुमच्या खिडकीतल्या कुंड्या कुणाला देणार? आल्विझेने जेवणानंतर पोरीला घेतलं, पण जोर नव्हता. खाली बॅगा खडखडत होत्या. ओर्सेत्ता त्याच्या कानात एकसुरी रडत होती.

बेल वाजली. दारात योस्त. एक बूट पायात, एक हातात.

"मी मार्ग पुसायला आलो नाही," ते म्हणाले. "मार्गांवरचा माझा विश्वास उडाला आहे. सकाळी पाव आणायला म्हणून निघालो. निवासस्थान पुन्हा हरवले आहे. मी केवळ बसण्यापुरती पायरी मागतो."

आल्विझेचं तोंड सवयीने उघडलं. "नाका..." आणि थांबलं. त्या माणसाच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता आणि अंगठ्यावर टरटरून फोड आला होता. असा पाय बघितल्यावर पुढचा शब्द निघेना.

"थांबा," तो म्हणाला. "मीच येतो." त्याने पोरीला झोळीत घालून छातीशी बांधलं आणि दार ओढून घेतलं.

बोळ. मग भिंतीच्या कडेने. मग पहिला पूल. चढताना ओर्सेत्ता रडत होती, उतरताना रडत होती, पण रडण्यात खंड पडू लागला होता. दुसऱ्या पुलावर तिला उचकी लागली. प्रत्येक पायरीला ती एकदा वर जायची, एकदा खाली यायची; पाणी नावेला हलवतं, तसं. तिसऱ्या पुलाच्या माथ्यावर आल्विझेला छातीवर एक ओझं जाणवलं, ऊबदार, सैल, मऊ भातासारखं. त्याने मान खाली घातली. ओर्सेत्ताचं तोंड किंचित उघडं होतं आणि त्यातून लाळेची एक तार त्याच्या सदऱ्यावर उतरत होती. इतकं सुंदर दृश्य त्या सुंदर गावातही त्याने पाहिलं नव्हतं.

विहिरीमागे दार आलं. चार हजार तीनशे बारा. आल्विझे थांबला. लाळेच्या तारेला झोल पडला, ओर्सेत्ताच्या भिवया आक्रसल्या, ओठ वाकडा झाला.

"आपण पोचलो, महोदय!" योस्तना हुंदका आवरेना.

"नाही पोचलो," आल्विझे कुजबुजला. "चालत राहा."

आणि चार दिवस जे दार पुन्हापुन्हा शोधलं, त्या दारावरून तो सज्जन माणूस एका बुटात, एक अक्षर न बोलता, पुढे निघून गेला.

आता थांबायची सोय नव्हती. आल्विझे चालत राहिला. मोठा पूल, छोटा पूल, चर्चच्या मागून, कुणाच्या तरी अंगणातून. वाटेत नकाशा उलटासुलटा करणारी एक जोडी उभी होती. हा माणूस इतका ठाम चाललाय म्हणजे याला ठाऊक असणार, असं समजून ती मागे लागली. मग एक कुटुंब लागलं. मग बॅगांसकट एक घोळका. पहिल्या चाकाचा खडखडाट झाला तसे योस्त वळले आणि त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. बॅगा उचलल्या गेल्या. कुणी डोक्यावर, कुणी खांद्यावर. जीजोच्या गुत्त्यावरून मिरवणूक गेली तेव्हा त्याने चालत्या माणसांच्या हातांत सावल्या दिल्या, आणि जन्मात प्रथमच काही बोलला नाही. नोर्माबाई खिडक्याखिडक्यांतून खूण पुढे पाठवत होत्या. मिरवणूक जिथे पोचायची, तिथली भांडणं आधीच बंद झालेली असायची.

"महोदय," योस्त चालताचालता अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "माझी चूक झाली होती. मला वाटले, हे नगर प्रवाशांना फसवण्यासाठी असे वाकडे बांधले आहे."

"मग?"

"हे मूल निजवण्यासाठी बांधले आहे. उघड आहे. एरवी इतके पूल कोण बांधील?"

आल्विझेने त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या गावाबद्दल त्याने पुष्कळ ऐकलं होतं, पण इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

समोरच्या पुलावरून जुदित्ता आणि एर्सिलियाबाई येत होत्या. आपला जावई भर दुपारी पोरीला छातीला बांधून, मागे बिनआवाजाची वरात घेऊन येतोय, हे पाहून बाईंनी डबा खाली ठेवला आणि मोठा श्वास घेतला. त्या श्वासातून काय बाहेर पडणार होतं, ते सगळ्या गावाला माहीत होतं. पन्नास माणसांनी एकदम केलं, "शूऽऽऽ!"

एर्सिलियाबाईंना आयुष्यात कुणी गप्प केलं नव्हतं. त्या इतक्या चकित झाल्या की खरंच गप्प झाल्या.

"झोपली?" जुदित्ताचे नुसते ओठ हलले.

"थांबू नका," आल्विझे म्हणाला.

जुदित्ता त्याच्या बाजूला आली. तिने पोरीच्या टाळूवर नाक टेकवलं आणि तशीच, डोळे मिटून, त्याच्या खांद्याच्या आधाराने चालू लागली. बाईंनी डबा उचलला. गुडघ्यांना शिव्या घालत त्या पूल चढल्या, उतरल्या, दुसरा चढल्या. डोक्यावर घंटाघराचे पाच टोले पडले. ओर्सेत्ता हलली नाही. एका माथ्यावर आल्विझेच्या पायात गोळा आला आणि तो कठड्याला टेकायला गेला, तोच ओर्सेत्ताने एक हात झोळीबाहेर काढला.

"टेकतोस काय?" सासूबाई दात आवळून म्हणाल्या. "चल! पुढे पूल आहे ना? चल!"

आणि तेवढ्यात त्यांच्या पिशवीत फोन थरथरला. मेस्त्रेची मालकीण. बाईंनी आधी नातीकडे पाहिलं; तो बाहेर आलेला हात पुन्हा सैल पडत होता, बोटं एकेक करून उघडत होती. मग त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं, वर, खाली, पुन्हा वर. फोन कानाला लावून, तोंडावर पदरासारखा हात धरून, त्या चालताचालता कुजबुजल्या:

"हो हो, मीच... नाही, जागा छान आहे हो. उजेड आहे, वारा आहे, सगळं आहे. पण काय सांगू तुम्हाला... फार सपाट आहे."